पुणतांब्याचा सूर आणि परदेशी ठेका : सी. रामचंद्र यांच्या गाण्यांची दहा वर्षे (१९४७ ते १९५७)

चित्रपटगीत हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कला शाखेच्या वर्गात अजूनही घेतली जाते. अभंग, ओवी, पोवाडा, लावणी यांना पाठ्यपुस्तकात हक्काची जागा आहे. भावगीतालाही थोडीबहुत मिळाली आहे. परंतु लग्नाच्या वरातीत वाजणारे आणि गेल्या तीन पिढ्यांच्या तोंडी बसलेले चित्रपटगीत मात्र वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच उभे राहते. त्यातून ते गाणे पाश्चात्त्य ठेक्यावर बांधलेले असेल, तर त्याच्याकडे अधिकच संशयाने पाहिले जाते. ‘नक्कल’, ‘थिल्लर’, ‘उडते’ असे दोन-तीन शब्द वापरले की विषय संपला, असे आपण मानतो.

प्रस्तुत लेखात या समजुतीची थोडी तपासणी करावयाची आहे. त्यासाठी १९४७ ते १९५७ ही दहा वर्षे आणि सी. रामचंद्र हे एक संगीतकार निवडले आहेत. इंग्रजीत ज्याला पॉप किंवा रॉक म्हणतात, त्या संगीताचा ठेका हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत प्रथम पोचविणाऱ्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. आणि हे गृहस्थ कोणी विलायतेहून आलेले नव्हते. ते आपल्याच गोदावरीच्या काठचे होते.

१. गोदाकाठचा विद्यार्थी

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुणतांबे हे चांगदेवांच्या समाधीचे गाव. तेथून गोदावरी पैठणला येते आणि पुढे आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाने, राक्षसभुवनावरून वाहत जाते. नदी एकच, पण राज्ये मात्र त्या काळी वेगळी होती. पुणतांबे इंग्रजी अमलाखाली होते, तर उमापूर, गेवराई आणि सगळा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

संगीताचे शिक्षण त्यांनी रीतसर घेतले. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे ते शिकले. म्हणजे पाया ख्यालगायकीचा. पुढे ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली, पण चित्रपट चालला नाही. नंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत ते पेटीची साथ करू लागले, आणि पेटीवरून संगीत-दिग्दर्शनाकडे वळले. मास्टर भगवान यांचा ‘सुखी जीवन’ (१९४२) हा त्यांचा आरंभीचा स्वतंत्र हिंदी चित्रपट. संगीतकार म्हणून ते ‘सी. रामचंद्र’ झाले आणि गायक म्हणून ‘चितळकर’ राहिले. एकाच माणसाची ही दोन नावे पडद्यावर वेगवेगळी वाचून ही दोन माणसे असावीत, असे अनेकांना वर्षानुवर्षे वाटत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याने परदेशी ठेका पुढे इतक्या मोकळेपणाने वापरला, तो रागसंगीतात कच्चा होता म्हणून तिकडे वळला, असे म्हणता येत नाही. ‘अनारकली’ (१९५३) मधील ‘ये जिंदगी उसी की है’ हे गाणे भीमपलासाच्या आधाराने उभे आहे, तर ‘आझाद’ (१९५५) मधील ‘राधा ना बोले’ बागेश्रीच्या. ही गाणी आणि ज्यांना ‘उडती’ म्हटले जाते ती गाणी, एकाच माणसाने एकाच काळात केली आहेत.

२. मुंबईतील दुसरे घराणे

हा ठेका मुंबईत आला कोठून, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो मुंबईला आला आगबोटीने आणि रुजला गोव्याच्या माणसांच्या हातून.

१९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यासाठी आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्डसारखे इतर कृष्णवर्णीय वादक आले. त्यांचे वादन ऐकून ते आत्मसात करणारे मुंबईत तयारच होते, ते म्हणजे गोमंतकीय ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तेथे रोजगार कमी, म्हणून ही मंडळी मुंबईला येत आणि धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या सामायिक खोल्यांत राहत. रात्री हॉटेलांत आणि क्लबांत वाजवायचे, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जायचे, असा अनेकांचा क्रम होता.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतील एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते प्रसिद्ध होते आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांचा ट्रम्पेट नावाजला जाई. सी. रामचंद्र यांनी त्यांना आपल्या मदतीला घेतले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा हे त्याच परंपरेतील. निरनिराळ्या संगीतकारांच्या गाण्यांची वाद्यरचना या लोकांनी सांभाळली.

त्यांचे काम नेमके काय असे? आपले संगीत कानाने चालते. गुरू गातो, शिष्य ऐकतो आणि गळ्यावर चढवितो. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी, ती गायकाला तेवढ्याने पुरे. पण समोर वीस-पंचवीस वादक बसले असतील, तर प्रत्येकाने केव्हा वाजवायचे, केव्हा थांबायचे आणि कोणता स्वर धरायचा, हे कागदावर लिहावे लागते. हे लिहिण्याचे काम अरेंजर करी. आपल्या रागसंगीतात एका वेळी स्वरांची एकच रेघ चालते. त्यांच्या पद्धतीत दोन-तीन स्वर एकाच वेळी उमटून एकमेकांना आधार देतात. मूळ चालीची एक रेघ घ्यायची आणि तिला धक्का न लावता तिच्याखाली दुसऱ्या रेघा मांडायच्या, असे हे नाजूक काम होते. शिवाय त्या काळी सगळे वादक आणि गायक एकत्रच ध्वनिमुद्रण करीत. शेवटच्या ओळीला एकाची चूक झाली, तरी सगळ्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागे. आणि हे सारे बसवायचे तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत.

३. चार गाणी, चार पायऱ्या

आता या दहा वर्षांतील चार गाणी क्रमाने पाहू. परके संगीत आपल्याकडे कसे येते, याच्या चार पायऱ्या त्यांत दिसतात.

पहिली पायरी ‘शहनाई’ची. हा चित्रपट १९४७ सालचा; दिग्दर्शक आणि गीतकार प्यारेलाल संतोषी. यातील ‘आना मेरी जान’ हे गाणे मीना कपूर, शमशाद बेगम आणि चितळकर यांनी गायिले. गाण्याचे विशेष असे की देशी आणि विलायती यांचा झगडा हाच त्याचा विषय आहे. एका भागात साहेबी ऐटीचा प्रियकर आपल्या खाण्यापिण्याच्या थाटाची लालूच दाखवितो, तर दुसऱ्या भागात देशी वळणाची नायिका त्याला झिडकारते. म्हणजे येथे परदेशी ठेका आला आहे तो सोंग म्हणून, साहेबाची गंमत करण्यासाठी. देश ज्या वर्षी स्वतंत्र झाला, त्या वर्षी लोकांनी हे गाणे डोक्यावर घेतले, यात नवल नाही. मराठवाडा मात्र तेव्हा स्वतंत्र झालेला नव्हता. त्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले.

दुसरी पायरी ‘समाधी’ची (१९५०). आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील या चित्रपटात ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ हे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे गाणे आहे. ते ‘चिको चिको’ या परदेशी गाण्याच्या चालीवर आधारलेले आहे. कार्मेन मिरांडा यांनी ते १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात गायिले होते. ही उघड उसनवारी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. सोंगाचा भाग येथे संपला. चाल आवडली म्हणून घेतली, एवढेच.

तिसरी पायरी ‘अलबेला’ची (१९५१). दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा असलेले आपले मास्टर भगवान. गीतकार राजेंद्र कृष्ण. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बाँगोचा ठेका आहे, पितळी वाद्यांचे झणझणीत तुकडे आहेत, आणि तरीही चाल गळ्यावर बसते ती आपल्याच एखाद्या गाण्यासारखी. कारण येथे चाल उसनी नाही; उसना आहे तो फक्त ठेका आणि वाद्यांचा रंग. चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. त्याच ‘अलबेला’त लताबाईंची ‘धीरे से आजा’ ही पिलूच्या वळणाची अंगाई आहे. एकाच चित्रपटात एकीकडे बाँगो आणि दुसरीकडे पिलू, आणि प्रेक्षकांना त्यात काही विसंगत वाटले नाही. भगवान यांचे नृत्यही असे बेताचे आणि सोपे की पाहणाऱ्याला वाटावे, हे मलाही जमेल. वरातीत आजही जो नाच नाचला जातो, त्याचे मूळ शोधू लागलो तर ‘अलबेला’ टाळून पुढे जाता येत नाही.

चौथी पायरी ‘आशा’ची (१९५७). अमेरिकेत बिल हेली यांच्या १९५४ च्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने आणि मागोमाग १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांच्या गाण्यांनी रॉक अँड रोलची लाट उसळली होती. ती लाट ‘ईना मीना डीका’ या गाण्याने आपल्याकडे आणली. हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गायिले आहे. गाण्याचे मुखडे सुचले ते संगीताच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या मोजणीच्या शब्दांवरून, आणि जॉन गोम्स या गोमंतकीय सहायकाने त्यात ‘मला नको’ अशा अर्थाचे कोंकणी शब्द घातले, असे सांगितले जाते. ते कोंकणी शब्द गाण्यात आजही ऐकू येतात.

येथे थोडा प्रयोग करून पाहावा. एक, दोन, तीन, चार असे सारख्या अंतराने मोजा आणि पहिल्या व तिसऱ्या आकड्यावर टाळी द्या. भजनात आपला हात साधारणपणे असाच पडतो. केरव्याचा भार समेवर असतो. आता मोजणी तीच ठेवून टाळी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यावर द्या. लगेच अंगात एक प्रकारचा झोल येतो. रॉक अँड रोलची सारी किमया या उलटलेल्या टाळीत आहे. ‘ईना मीना डीका’ ऐकताना हात आपोआप या दुसऱ्या टाळीवर जातो. आणि निरर्थक शब्दांचे म्हणाल, तर तराण्यात तरी दुसरे काय असते? अर्थाचे ओझे उतरवून अक्षरांना लयीवर मोकळे सोडणे ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. म्हणूनच परका ठेका या गाण्यात उपरा राहिला नाही.

सोंग, उसनवारी, कलम आणि स्वतःची वाणी, अशा या चार पायऱ्या आहेत. परक्या गोष्टीची थट्टा करणारा समाज दहा वर्षांत तिच्यातून स्वतःचे काही बोलू लागला, हा या काळाचा महत्त्वाचा विशेष होय.

४. आकाशवाणीचे दार आणि सिलोनची खिडकी

ही गाणी खेड्यांपर्यंत पोचली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर होते. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना अतोनात कळकळ होती, आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परंतु श्रोत्यांनी सुई फिरविली आणि रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ पासून तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. ‘आशा’ आणि ‘विविध भारती’ एकाच वर्षाची, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

केसकरही मराठी आणि सी. रामचंद्रही मराठी. एकाने शुद्धतेचा आग्रह धरला, दुसऱ्याने मिश्रणाचा. केसकरांना केवळ हेकट ठरविणे योग्य होणार नाही. आकाशवाणीने शास्त्रीय गायक-वादकांना त्या काळी जो आश्रय दिला, त्यामुळे अनेक घराणी टिकली. पण रसिकता हुकमाने घडत नाही, एवढे या प्रकरणावरून दिसून आले.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की ही सारी नक्कल होय. ‘समाधी’तील गाण्यापुरता तो बराचसा मान्य करावा लागेल. परंतु घेतलेली वस्तू आपल्याकडे येऊन बदलली की नाही, हा खरा निकष असला पाहिजे. आपण रोज ‘पगार’ घेतो, ‘चावी’ने कुलूप उघडतो, ‘बटाटा’ शिजवितो आणि ‘पाव’ खातो. हे चारही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले आहेत. मराठी त्यामुळे गरीब झाली नाही. आमच्या भागात तर निजामाच्या राजवटीत उर्दू ही दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा होती. तिचे किती शब्द आपल्या बोलीत मुरले आहेत, ते मोजणेही कठीण. गावोगावच्या भजनी मंडळांची पेटी घ्या. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला मज्जाव केला होता. पण हरिनाम सप्ताहात पेटीवाचून कोणाचे चालले नाही, आणि ती विलायती आहे हे आज सांगावे लागते. जे मुरले ते आपले झाले. ‘शोला जो भडके’ मुरले आहे; त्याला आता परके म्हणण्यात अर्थ नाही.

शिवाय ही देवघेव एकतर्फी नव्हती. १९६५ साली इंग्लंडच्या बीटल्स या चौकडीने ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात सतार वाजविली आणि जॉर्ज हॅरिसन पुढे पंडित रविशंकर यांचे शिष्य झाले. आपण त्यांचा बाँगो घेतला, त्यांनी आपली सतार घेतली.

दुसरा आक्षेप थिल्लरपणाचा. त्याला उत्तर सी. रामचंद्र यांच्याच पुढील कामाने दिले आहे. २७ जानेवारी १९६३ रोजी, चीनच्या युद्धानंतर, दिल्लीत कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लताबाईंनी गायिले, त्याची चाल सी. रामचंद्र यांचीच. ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटात सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ या रचनेला त्यांनी दिलेली चाल आजही रसिकांच्या ओठांवर आहे. हसविणारा आणि नाचविणारा कलावंत गंभीर असूच शकत नाही, हा आपला समज तमाशाच्या बाबतीतही असाच चुकत आला आहे. गण-गवळण आणि बतावणी पाहून तमाशा हलका ठरविणाऱ्यांनी त्याच फडावर म्हटली जाणारी भेदिक लावणी ऐकलेली नसते.

६. न छापलेली नावे

येथपर्यंतचे विवेचन सी. रामचंद्र यांच्या बाजूने झाले. पण अभ्यासकाने एक पाऊल पुढे गेले पाहिजे. घेतलेले मुरविले, हे खरे. पण देणाऱ्याचे नाव घेतले काय?

याचे उत्तर समाधानकारक नाही, आणि तो दोष एका व्यक्तीचा नसून साऱ्या व्यवसायाचा आहे. ‘गोरे गोरे’ला संगीतकार म्हणून नाव लागले ते सी. रामचंद्र यांचेच. गायकांचीही स्थिती फार चांगली नव्हती. ‘महल’ (१९४९) मधील लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. पुढे गायकांनी आपली नावे मिळविली. वादकांना मात्र ती मिळाली नाहीत. तबकडीवर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असे. ज्याच्या ट्रम्पेटने गाणे ओळखले जाते त्याचे नाव नसे, आणि ज्याने रात्र जागून स्वरलेखन केले त्याचेही नसे. चिक चॉकलेट १९६७ साली वारले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या मोठ्या वाद्यवृंदाचा प्रयोग केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायिले. तरी सामान्य श्रोत्याला त्यांचे नाव कळले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्यातून; आणि ते नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी आदराने तेथे आणलेले आहे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक होते. २००८ साली ग्रेगरी बूथ या संगीताभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे ही माणसे अभ्यासाच्या पानावर आली. तोपर्यंत त्यांतील अनेक जण हयात नव्हते.

हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. एल्व्हिस प्रेस्ली यांचे १९५६ चे ‘हाउंड डॉग’ जगभर गाजले. पण ते त्यांच्या आधी विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ साली ध्वनिमुद्रित केले होते. रॉक अँड रोलचा सारा ठेकाच मुळात कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आला. लिऑन ॲबीच्या लोकांनी ताजमहाल हॉटेलात वाजविले, ते गोमंतकीयांनी उचलले, त्यांच्याकडून ते सी. रामचंद्र यांच्या गाण्यात आले, आणि तेथून वरातीच्या बँडमध्ये. ही साखळी लांब आहे आणि तिच्यातील बहुतेक कड्यांवर नाव कोरलेले नाही.

७. समारोप

विद्यार्थी मित्रांनो, या साखळीची शेवटची कडी आपल्या गावात आहे. गेवराई, शेवगाव, पैठण या टापूतील लग्नांत जो बँड वाजतो, त्यातील क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि ढोल ही ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंदाचीच भावंडे होत. हे वादक बहुधा स्वरलेखन वाचत नाहीत. ते गाणे कानाने उचलतात आणि त्यात आपल्या हलगी-संबळाचा झटका मिसळतात. परक्या ठेक्याचे पुन्हा एकदा देशीकरण होते ते येथे. बूथ यांनी ‘चित्रपटवादकां’च्या आधी, २००५ साली, या लग्नाच्या बँडवाल्यांवरच ‘ब्रास बाजा’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे. बाहेरच्या विद्वानाला जो विषय अभ्यासयोग्य वाटला, तो आपल्या दाराशी असून आपल्याला दिसला नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पदवीच्या वर्गाला प्रकल्प लिहावा लागतो. त्यासाठी दरवेळी ग्रंथालयातील त्याच त्या पुस्तकांतून उतारे काढण्यापेक्षा, आपल्या पंचक्रोशीतील वयस्क बँडवादकांना भेटावे. त्यांनी वाद्य कोणाकडून शिकले, पहिले गाणे कोणते बसविले, ते कोठे ऐकले, त्यांच्या ताफ्यात कोण कोण होते, हे विचारून तारीख-वारासह लिहून ठेवावे. त्यांच्या परवानगीने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करावे. वह्या नीट राहिल्या, तर उद्याच्या संशोधकाला त्या उपयोगी पडतील.

सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत निवर्तले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र त्यांनी १९७७ साली लिहून ठेवले, म्हणून त्यांची हकीकत आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते. ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यांची हकीकत कोणीतरी विचारून लिहावी लागते. ते काम कला शाखेच्या विद्यार्थ्याचे आहे, आणि वय झालेल्या वादकांच्या बाबतीत ते फार काळ पुढे ढकलता येणारे नाही.